तुम्ही विचारलंत म्हणून: बंदुकीवर चादर चढवायला एवढे दिवस का लागतात

"काय ओ, चादरीचा फोटो काढायचा आणि बंदुकीवर चिकटवायचा. त्याला तीन आठवडे?" लग्नात, चहाच्या गाड्यावर, अगदी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या चादरींच्या कारखान्यात नक्षी बघायला गेल्यावरही हाच प्रश्न. एकदाचं नीट सांगतो. बंदूक काउंटर-स्ट्राइक या व्हिडिओ गेममधली, आणि तिच्यावर मी चादरीवरची मोराची नक्षी रंगवतोय.

चिकटवायला सपाट जागाच नसते. काउंटर-स्ट्राइकमधली एके-४७ उलगडली की तिचे तुकडे एका चौकोनी पानावर पसरतात, शिंप्यानं बेतलेल्या कापडासारखे. मी २०४८ बाय २०४८ पिक्सेलचं पान घेतो. त्यावर तुकड्यांचे कोन वेगळे, मापंही थोडी वेगळी. चादरीची किनार दस्त्यावरून पुढं सरळ जायला हवी, तर प्रत्येक तुकड्यावर ती वेगळी फिरवून, मोजून जुळवावी लागते. तुकड्याच्या कडेबाहेरही आठ ते सोळा पिक्सेल रंग पसरायचा, नाहीतर लांबून जोडावर रेघ उमटते. या गेममध्ये बंदूक रंगवण्याचा हायड्रोग्राफिक नावाचा प्रकार आहे, त्यात हे कष्ट वाचतात, पण तिथं नक्षी प्रत्येक प्रतीत सरकते. मोर जागेवरच हवा, म्हणून कस्टम पेंट जॉब, म्हणजे प्रत्येक तुकडा आपणच रंगवायचा प्रकार.

आणि तरीही पहिली फाइल वाया गेली. हट्ट माझा होता: दोरा न् दोरा दिसला पाहिजे. लाल दोरा दोन पिक्सेल, हिरवा दोन पिक्सेल, मोर त्यातूनच विणलेला. एडिटरमध्ये बंदूक जवळ आणली की हात फिरवावासा वाटे. खेळात तीच दहा पावलांवर जमिनीवर पडलेली पाहिली तर मोर नाही, नुसता चिखल. रंग भडक केले, चिखल तसाच. चित्राची धार वाढवली, तर चालताना सगळी बंदूक लुकलुकायला लागली, मुंग्या धावाव्यात तशी.

कारण साधं होतं, मला उशिरा कळलं. लांबच्या वस्तूसाठी गेम तेच चित्र निम्म्या-निम्म्यानं लहान करतो: १०२४, ५१२, २५६. दोन पिक्सेलचा दोरा पहिल्या खेपेला एक पिक्सेल होतो, दुसऱ्या खेपेला शेजारच्या दोऱ्यात मिसळतो. पिक्सेलचा रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांत लिहितात. माझा लाल २००, ३०, ४०. हिरवा २०, १२०, ६०. साधी सरासरी काढा: ११०, ७५, ५०. हा मातकट तपकिरीच आहे. म्हणजे बिघडलं काहीच नव्हतं, मी सांगितलं तेच गेमनं केलं.

मग रंगाच्या चित्रातून दोरे काढून टाकले. मोराची बाह्यरेषा १६ पिक्सेल, आत सलग रंग, लाल गडद आणि हिरवा उजळ, म्हणजे मिसळले तरी उजेडाचा फरक उरतो. वीण फक्त नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे पृष्ठभागाचे उंचसखल भाग सांगणाऱ्या वेगळ्या चित्रात, तीही हलकी. त्या चित्रातला हिरवा चॅनेल (वर-खालचा उतार सांगणारा थर) उलटा गेला तर उंचवट्यांचे खड्डे होतात, हे तपासायला बंदूक दिव्याखाली फिरवून बघा. रफनेस (खरखरीतपणा) ०.८५ च्या आसपास, मेटलनेस (धातूपणा) शून्य. नाहीतर सूत प्लास्टिकसारखं चमकतं.

झिजेचं मात्र जमलेलं नाही. गेममध्ये प्रत्येक प्रतीला झिजेचा ० ते १ मधला आकडा असतो, ०.४५ च्या पुढं बॅटल-स्कार्ड, म्हणजे सगळ्यात झिजलेली. तिथं रंगाचे पोपडे उडून खालचा धातू दिसतो. कापड असं झिजत नाही, त्याचे दोरे सुटतात.

"याचा खेळात फायदा काय?" काही नाही. नेम सुधारत नाही, गोळीचा मार वाढत नाही. २०१३ मध्ये या खेळात हे रंग आले तेव्हापासून तसंच आहे. मला ती नक्षी तिथं हवी आहे, एवढंच.

पण पहिल्या फाइलवाला मी अजून ऐकत नाही. तो म्हणतो, दोरा काढलास, मग हा मोर छापील बेडशीटवरचा नाही कशावरून? मी म्हणतो, दिसलाच नसता तर कुणाचा होता? त्यावर तो म्हणतो, दिसला म्हणजे विणला गेला असं नाही. हे मला खोडता येत नाही. सध्या चार पिक्सेलचा दोरा फक्त डाव्या बाजूला आणि मागच्या वरच्या भागात परत घालतोय, खेळणाऱ्याच्या डोळ्याजवळ तोच भाग असतो. लांबून तिथं पुन्हा चिखल दिसला, तर पुन्हा काढीन.