आत काय लावलंय?

‘लेड-फ्री’ असा स्टिकर मी माझ्या भांड्यांना लावत नाही. माझ्या एकाही ग्लेझमध्ये शिसं नाही. पण स्टिकर दिसला की गिऱ्हाईक पुढचं विचारायचं थांबतं, आणि खरा प्रश्न पुढचाच असतो. या वाडग्यात रोज सोलकढी, ताक, चिंचेची आमटी वाढली तर ग्लेझमधून काय काय सुटून येईल? पाच वर्षांनी ते ग्लेझ आज आहे तसंच असेल का?

ग्लेझ म्हणजे मातीवर वितळवून बसवलेली काच. तिचा सांगाडा सिलिकाचा. नुसती सिलिका वितळवायला १७०० अंश सेल्सिअसच्या पुढे जावं लागतं, तेवढी आमच्या भट्ट्यांची ताकद नाही. म्हणून सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, बोरॉन असे फ्लक्स घालून ती लवकर वितळेल असं करायचं. तिसरी ॲल्युमिना. ती ग्लेझ ओघळू देत नाही आणि काचेची वीण घट्ट करते. स्वस्तात, कमी तापमानाला, आरशासारखं चकाकणारं ग्लेझ हवं असेल तर फ्लक्स वाढवायचे आणि सिलिका-ॲल्युमिना कमी करायची. भट्टीतून निघताना ते फार देखणं दिसतं, पण आंबटापुढे टिकत नाही.

मी इलेक्ट्रिक भट्टीत कोन ६ ला, म्हणजे साधारण १२२० अंशांना भाजते. (कोन म्हणजे भट्टीतल्या भाजणीचं माप; आकडा मोठा तशी भाजणी जास्त.) नवी रेसिपी हातात आली की वजनाचे आकडे बघून मला काही कळत नाही. ती आधी सेगरच्या सूत्रात मांडते. हेर्मान सेगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात ही पद्धत घालून दिली. बोरॉन सोडून बाकी सगळ्या फ्लक्सची बेरीज १ धरायची आणि त्यापुढे सिलिका, ॲल्युमिना किती पडतात ते बघायचं. कोन ६ साठी माझा ठोकताळा असा की सिलिका २.५ च्या वर हवी आणि ॲल्युमिना ०.२५ च्या वर. आकडे याच्या खाली असले तर ते ग्लेझ फुलदाणीला. आकडे चांगले निघाले म्हणजे ग्लेझ पास झालं असं मात्र नाही. आकडे फक्त चाचणीच्या दारापर्यंत आणून सोडतात.

सगळ्यात जास्त मागणी हिरव्या आणि फिरोजी रंगाला असते, आणि मला सगळ्यात जास्त काळजीही त्याचीच. हा रंग तांब्याचा. कॉपर कार्बोनेट दोनेक टक्के असेल आणि ग्लेझ मुळात सशक्त असेल तर काच ते पोटात सामावून घेते. पाच टक्क्यांच्या पुढे गेलं की जास्तीचं तांबं काचेत मावत नाही. ते पृष्ठभागावर काळपट, धातूसारखी साय धरून बसतं. लोकांना ती साय फार आवडते. तिच्यावर लिंबाची फोड ठेवून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी फोडीखाली फिकट गोल दिसला तर तेवढं तांबं लिंबात उतरलं.

कुणी म्हणेल, तांब्याच्या भांड्यातलं पाणी तर आपण पितोच. पाणी पितो, ताक पीत नाही. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं हे आपल्या घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, म्हणूनच तर कल्हई लावायची. ग्लेझमधलं तांबंही आंबटापुढे तसंच वागतं, फक्त वरून काच दिसते म्हणून आपण बेसावध राहतो. शिवाय जे ग्लेझ तांबं सोडतं ते बेरियम, मँगनीज, लिथियमही सोडू शकतं, आणि ते गेल्याचं रंगावरून कळेलच असं नाही.

लिंबापेक्षा व्हिनेगरची चाचणी कडक. तेच ग्लेझ लावून भाजलेली मातीची छोटी पट्टी अर्धी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून तीन दिवस ठेवायची, मग धुऊन, पुसून खिडकीतल्या उन्हात तिरकी धरायची. बुडालेल्या आणि कोरड्या भागाच्या सीमेवर रेघ दिसायला नको. रंगात नाही, चकाकीतही नाही. बोट फिरवून बघावं, कधी डोळ्याला दिसत नाही ते बोटाला खरखरीत लागतं.

पण पट्टी स्वच्छ निघाली म्हणून शिशाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. शिसं रंग न सोडता उतरतं. १९७० साली मॉन्ट्रियलमधल्या एका लहान मुलाच्या मृत्यूची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात आली होती. घरात मातीच्या ग्लेझ केलेल्या जगमध्ये सफरचंदाचा रस ठेवलेला असायचा आणि मूल तो प्यायचं. रस आंबट, जगच्या ग्लेझमध्ये शिसं. जगकडे बघून कुणालाच काही कळलं नसतं. ही गोष्ट मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, आणि सांगताना दर वेळी माझा आवाज चढतो.

म्हणून ज्या ग्लेझमधून मी जेवणाची भांडी काढते ते प्रयोगशाळेत जातंच. एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारी भारतातली संस्था; तिची मान्यता असलेल्या प्रयोगशाळा हे काम करतात. प्रमाणित पद्धत सोपी आहे: भांड्यात ४ टक्के ॲसिटिक आम्ल भरायचं, २४ तास खोलीच्या तापमानाला ठेवायचं आणि त्यात काय उतरलं ते मोजायचं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची शिशाची मर्यादा कप आणि मगसाठी लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम आहे, उथळ ताटल्यांसाठी ३ मिलिग्रॅम. कप-मगला नियम कडक, कारण त्यातून माणूस रोज पितो. अहवाल मागवताना शिसं-कॅडमियमवर थांबू नका. तुमच्या ग्लेझमध्ये तांबं किंवा बेरियम असेल तर तेही मोजून घ्या, पैसे थोडे जास्त पडतात. आणि तो अहवाल त्याच रेसिपीचा, त्याच जाडीचा, त्याच कोनचा असतो. भट्टी एक कोन कमी गेली की तो कागद त्या भट्टीला लागू होत नाही.

काचेचा दुसरा शत्रू अल्कली. आम्ल फ्लक्स आणि रंगाचे धातू ओढून नेतं, अल्कली थेट सिलिकाची वीणच कुरतडते. डिशवॉशरची पावडर अल्कलीच असते. एक लिटर पाण्यात साधारण ५० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून स्टीलच्या जुन्या पातेल्यात पट्टी काही तास मंद उकळत ठेवते, हातमोजे आणि चष्मा घालून. चकाकी मेली तर ते भांडं डिशवॉशरमध्ये टिकणार नाही.

मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या ग्लेझबद्दल लोक मला नेहमी विचारतात. खरं मॅट ग्लेझ पूर्ण वितळतं आणि थंड होताना त्यात बारीक स्फटिक धरतात, ते चांगलं टिकू शकतं. खोटं मॅट म्हणजे अर्धवट शिजलेलं ग्लेझ. पारखायला तेच ग्लेझ एक कोन वर भाजायचं. तेव्हा चकचकीत झालं तर आधीचं कच्चं होतं. मॅटवर चमच्याच्या करड्या रेघाही उठतात, त्या बहुतेकदा स्टीलच्याच असतात आणि घासल्या की जातात.

तडे मात्र गंभीर. ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं की त्यावर जाळी पडते. माती स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजून दगडासारखी घट्ट होणारी, आणि पूर्ण पिकलेली असेल तर नुकसान कमी, तरी भांड्याची ताकद घटतेच. कमी भाजलेल्या मातीत जाळीतून आमटीचं पाणी, तेल, हळद आत शिरते. भांडं पिवळं पडतं आणि महिन्याभरात वास मारायला लागतं. माती किती पिकली ते वजनकाट्यावर कळतं: कोरडा, ग्लेझ न लावलेला तुकडा तोला, दोन-तीन तास पाण्यात उकळा, पुसून पुन्हा तोला. ४०० ग्रॅमचा ४०४ झाला तर १ टक्का पाणी प्यायला, म्हणजे ठीक. उलटा दोष, ग्लेझ कडेवरून टवक्यांनी सुटणं, याला माफी नाही. ती काच पोटात जाते. असं भांडं मी फोडून टाकते.

टिकाऊ ग्लेझ कसं असतं ते बघायचं असेल तर घरातली लोणच्याची बरणी बघा. मीठ, आंबट कैरी, मोहरी, तेल वर्षभर त्यात बसतं आणि बरणी ढिम्म. भरपूर तापमानाला पिकलेली स्टोनवेअर माती, तपकिरी भागाला लोखंडाचं ऑक्साइड, त्यापलीकडे रंगाची हौस नाही.

म्हणून माझ्या वाडग्यांना आणि मगना आतून एकच पारदर्शक ग्लेझ असतं, ज्यात रंगाचा कुठलाही धातू नाही. फिरोजी बाहेरून, तोही मगच्या ओठाच्या दोन बोटं खाली थांबतो. आतूनही फिरोजी हवा असं म्हणणाऱ्यांना मी फुलदाणी दाखवते. काही जण नाराज होऊन जातात.

कुणाही कुंभाराकडून जेवणाचं भांडं घेताना कोन कितवा, आतलं ग्लेझ कोणतं, अहवाल आहे का, हे तिन्ही विचारा. आणि कुठलं आलं हे माहीत नसलेलं, भडक केशरी किंवा लाल, कमी भाजलेलं जुनं भांडं घरात असेल तर त्यात चाव्या ठेवा, सुट्टे पैसे ठेवा. लिंबू सरबत मात्र नको.