ऑफ तासाची कादंबरी

मी १९९४ची दहावीची बॅच, ब तुकडी. आमच्या वर्गाचं नाव काढलं की स्टाफरूममध्ये सगळे कपाळाला हात लावायचे. नववीत ऑफ तासाला कोणीच सर यायला तयार नसायचे, मराठीच्या बाई मात्र यायच्या आणि हातात एक जाडजूड अनुवादित कादंबरी, पोलंडमधल्या एका कुटुंबाची.

फेब्रुवारी १९४०, ऐन थंडीत रात्री सोव्हिएत शिपाई दार ठोठावतात, अर्ध्या तासात आवरा म्हणतात आणि सगळ्यांना मालगाडीच्या डब्यात कोंबून सैबेरियाला धाडतात. त्या घाईत आई काय उचलते तर शिवणमशीनचं नुसतं वरचं मुंडकं. नवरा ओरडतोय अगं पीठ घे, बटाटे घे, पण ही ऐकतच नाही. पुढे त्याच मशीनवर लोकांचे फाटके कोट शिवून ती पोरं जगवते, एक सोडून, धाकटा तापात जातो. ते पान वाचताना बाईंचा आवाज गेला, मग उरलेलं पान पहिल्या बाकावरच्या मुलीने वाचलं आणि मागे विमानं उडवणारे आम्ही एकदम चिडीचूप.

खरं सांगायचं तर मधली शंभरेक पानं नुसती भूक आणि बर्फ, आज वाचलं तर कंटाळेन कदाचित. पण मग ते लोक इराणमार्गे भारतात येतात आणि बाई सहज म्हणाल्या, अरे हे खरंच घडलंय, १९४३ ते ४८ जवळपास पाच हजार पोलिश लोक आपल्या कोल्हापूरशेजारी वळिवड्याला कॅम्पात राहत होते, बहुतेक बायका आणि मुलंच. तर पिंपरी कॅम्पातून लोकलने येणारा आमचा सिंधी मित्र ताडकन उठला, "बाई, वळिवड्याला लागूनच गांधीनगर, माझ्या काकांचं कापडाचं दुकान आहे तिथे!" बाई म्हणाल्या, "त्याच छावणीत रे, ते गेले आणि फाळणीनंतर तुमची माणसं आली." तो कितीतरी वेळ उभाच.

वार्षिक परीक्षा आली आणि शेवट राहिला. बाई सांगेनात, स्वतः वाचा म्हणाल्या. लायब्ररीत एकच कॉपी, ती या सिंधी पठ्ठ्याने आजोबांसाठी म्हणून सुट्टीभर दाबून ठेवली, मग मी अप्पा बळवंत चौकात एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात उभ्याउभ्या शेवटची चाळीस पानं वाचली, मालक दोनदा म्हणाले, "घ्यायचंय की नुसतंच वाचायचंय?", तिसऱ्यांदा माझा चेहरा बघून स्टूल पुढे सरकवलं.