केसांसाठी बायोटिन आणि थायरॉईडचा भलताच रिपोर्ट: माझा अनुभव

रक्ततपासणीच्या फॉर्मवर 'सध्या सुरू असलेली औषधे' अशी एक ओळ असते. त्या रिकाम्या सोडलेल्या ओळीपायी मला जो मनस्ताप झाला, तो अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते आहे. केसगळतीसाठी व्हिटॅमिनच्या गोळ्या घेणाऱ्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने हे वाचावं असं मनापासून वाटतं.

मोठ्या तापातून उठल्यावर काही महिन्यांनी माझे केस गळायला लागले. दिवसाला ५० ते १०० केस जाणं नैसर्गिक असतं हे माहीत होतं, पण इथे न्हाताना हातात पुंजके यायचे आणि भांग रुंद दिसायला लागला होता. ज्याला त्याला विचारलं तर एकच उत्तर, बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) घे. बाटलीवर १०,००० मायक्रोग्रॅम लिहिलेलं होतं. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं. म्हणजे एका गोळीत गरजेच्या तीनशेपटीहून जास्त! ती मी रोज सकाळी उठल्या उठल्या घेत होते.

गळती थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, फेरिटिन, ड जीवनसत्त्व आणि थायरॉईड तपासायला सांगितलं. लॅबच्या काउंटरवर मी स्वतःहून विचारलं, "केसांसाठी व्हिटॅमिन घेते, इथे लिहू का?" उत्तर आलं, "ते औषधात धरत नाहीत, राहू द्या." ओळ कोरी राहिली.

रिपोर्ट आला त्यात टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक) तळाला आणि टी-४ (थायरॉईड स्वतः बनवतं ते संप्रेरक) वरच्या मर्यादेच्याही वर. थायरॉईड जास्त काम करतंय, असा त्याचा सरळ अर्थ. डॉक्टरांनी विचारलं, धडधड होते का, हात थरथरतात का, वजन उतरलंय का, घाम येतो का? यातलं काहीही नव्हतं. पण थायरॉईड बिघडला की केस गळतात, हेही खरंच आहे. त्यामुळे सगळं नेमकं जुळल्यासारखं दिसलं आणि मी घाबरले. थायरॉईडच्या तज्ज्ञांची वेळ मिळेपर्यंतचे ते दिवस फार वाईट गेले. रात्री नाडी मोजत बसायचे. आयुष्यभराच्या गोळ्या लागतील का, ऑपरेशन करावं लागेल का, हेच डोक्यात.

दरम्यान लॅबला फोन करून विनवलं की एकदा पुन्हा बघा, मला एकही लक्षण नाही. त्यांनी तेच सॅम्पल परत मशीनला लावलं. आकडे तेच आले. "आमचं मशीन बरोबर आहे," एवढं ऐकवून विषय बंद. तेच रक्त, त्यात तेच बायोटिन, मग आकडा बदलणार कसा? "तुम्ही काही घेता का?" हा एक प्रश्न कोणी विचारला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

तो प्रश्न विचारला तज्ज्ञांनी, तोही मी खुर्चीत बसता बसताच. "केसांसाठी काही चालू आहे?" मी बाटलीचा फोटो दाखवला आणि त्यांनी लगेच मान हलवली. मग समजावून सांगितलं. थायरॉईडच्या बऱ्याच तपासण्यांत बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं प्रथिन यांची घट्ट जोडी वापरलेली असते. रक्तात बाहेरून आलेलं बायोटिन भरपूर असेल तर तेच ती जागा अडवून बसतं. मग टीएसएच खोटा कमी येतो आणि टी-४ खोटा जास्त. सगळ्याच मशीनवर असं होत नाही, पण आपलं रक्त कोणत्या पद्धतीने तपासलं जाणार हे आपल्याला कुठे माहीत असतं? हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात ती ट्रोपोनिनची तपासणीही अशीच खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध नियामक संस्थेने, २०१७ मध्येच याबद्दल जाहीर इशारा दिलेला आहे. इतक्या वर्षांनंतरही काउंटरवरच्या माणसाला हे माहीत नसावं, याचा मला खरोखर संताप येतो.

बायोटिन बंद करून पुन्हा रक्त दिलं. थायरॉईड अगदी व्यवस्थित! रिपोर्ट हातात घेऊन मी तिथेच रडले. निदान दोन दिवस तरी आधी बंद करायला सांगतात, डोस मोठा असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर जास्त, ते डॉक्टरांनाच विचारा. दुसरी गंमत नव्हे, धोक्याची गोष्ट अशी की पहिल्या वेळी उत्तम दिसलेलं ड जीवनसत्त्व आता कमी निघालं. खोटा रिपोर्ट भीती घालतो तशी कमतरता झाकूनही ठेवतो.

खरं कारण फेरिटिनमध्ये सापडलं, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्यात. हिमोग्लोबिन ठीक होतं, साठा मात्र आटलेला. तापानंतरची गळती सहसा आपोआप थांबते, माझी लोहामुळे रेंगाळली असावी असं डॉक्टरांचं मत पडलं. लोहाची गोळी सुरू झाली. ती चहा-कॉफी किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, लोह नीट शोषलं जात नाही. क जीवनसत्त्व सोबत असेल तर चांगलं. आणि धीर धरा. गळायला टेकलेला केस दोन-तीन महिने मुळाशी नुसता थांबून असतो, त्यामुळे कमतरता भरून निघाली तरी काही काळ केस जातच राहतात. नवा केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. माझ्या कपाळालगत बारीक उभे केस दिसले तेव्हा मला केवढं हायसं वाटलं!

तेव्हा व्हिटॅमिनने फायदा होतो का? कमतरता असेल तर होतो, नसेल तर बायोटिनने केस वाढतात याला भक्कम पुरावा नाही. बायोटिनची खरी कमतरता फार क्वचित आढळते. अनुवंशिक टक्कल असेल तर गोळ्यांची बाटली संपवत बसण्यापेक्षा मिनॉक्सिडिलसारख्या उपचारांबद्दल त्वचारोगतज्ज्ञांशी बोला. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम जास्त झालं तर उलट केस गळतात. २००८ मध्ये अमेरिकेत एका पूरक द्रवात लेबलच्या जवळजवळ २०० पट सेलेनियम निघालं आणि ते घेणाऱ्या कित्येकांचे केस गळाले. म्हणून 'केस, त्वचा, नखं' लिहिलेली गोळी आणि मल्टिव्हिटॅमिन एकदम घेत असाल तर दोन्ही लेबलांवरचे आकडे शेजारी ठेवून बेरीज करा.

हे सांगायचं राहिलंच होतं: ताप किंवा कुठलीही सूज अंगात असताना फेरिटिन तपासू नका. तेव्हा ते वाढलेलं दिसतं आणि साठा आटलेला असूनही रिपोर्ट नॉर्मल येतो. आणि लोहाची गोळी नुसत्या अंदाजाने कधीच सुरू करू नका, कारण जादा झालेलं लोह शरीराला सहज बाहेर टाकता येत नाही.