पाहत पाहत वाचणे : पावसाळ्यातील वाचनाची नोंद

मागील नोंदीत मी असे ठरवल्याचे लिहिले होते की एक कथात्म पुस्तक, एक कवितासंग्रह आणि चित्रकलेवरील एक पुस्तक अशी तिन्ही एकाच वेळी चालू ठेवायची. पावसाळाभर हा क्रम टिकला. त्यातून किती पुस्तके वाचून संपली हे सांगण्यासारखे फारसे नाही, कारण पुस्तके पूर्वीपेक्षा कमीच संपली. परंतु चित्रांविषयीच्या पुस्तकांनी माझी कविता वाचण्याची रीत बदलून टाकली, आणि ही प्रगती मला संख्येपेक्षा मोलाची वाटते. यावेळची नोंद मुख्यतः त्याविषयीच आहे.

सुरुवात चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकाने झाली. हे पुस्तक 1990 साली आले आणि आपल्यापैकी अनेकांनी ते वाचलेले असेल. बरवे यांच्या चित्रांत घड्याळ, पान, पीस, शिंपला अशा नित्याच्या वस्तू मोठ्या मोकळ्या अवकाशात दूर दूर ठेवलेल्या दिसतात, आणि त्या एकमेकींजवळ का आल्या याचे उत्तर चित्र आपणहून देत नाही. पुस्तकातील लेखनही त्याच शांतपणे चालते. आम्ही बेळगावातील वडगावचे, म्हणजे विणकरांच्या मागाच्या आवाजात वाढलेले लोक. त्यामुळे बरवे यांनी विणकर सेवा केंद्रात अनेक वर्षे नोकरी केली आणि त्यातील काही काळ वाराणसीत काढला, ही गोष्ट मला विशेष जवळची वाटते. कापडावर नक्षी कोठे द्यायची यापेक्षा ती कोठे द्यायची नाही, हे ठरवणे अधिक अवघड असते, असे आमच्या घरातील वडीलधारी मंडळी नेहमी सांगत. बरवे यांच्या चित्रांतील रिकामी जागा पाहताना ते बोलणे मला पहिल्यांदा नीट समजले.

चित्रांची पुस्तके वाचणाऱ्या सर्वांपुढे एक अडचण असते, ती म्हणजे छापील पानावर प्रत्येक चित्र एकाच आकाराचे होऊन बसते. भिंतभर पसरलेले चित्र आणि हातात मावणारे चित्र ही दोन्ही वीतभर पानात येतात, आणि डोळा नकळत दोघांना सारखेच वजन देतो. त्यावर मी एक साधा उपाय सुरू केला. चित्राखाली छापलेली लांबी-रुंदी वाचायची, मागाच्या खोलीतील मोकळ्या भिंतीवर मोजपट्टी लावून तेवढी चौकट खडूने आखायची, आणि मग पुस्तक हातात घेऊन त्या चौकटीसमोर उभे राहायचे. पिकासोचे 1937 सालचे ‘गेर्निका’ सुमारे 3.49 मीटर उंच आणि 7.77 मीटर लांब आहे, म्हणजे उंची साडेअकरा फूट आणि लांबी साडेपंचवीस फूट. आमच्या भिंतीवर ते मावलेच नाही. एक टोक आखून उरलेली लांबी अंगणात पावलांनी मोजावी लागली. त्याच वर्षी त्याने रंगवलेल्या रडणाऱ्या स्त्रीच्या चित्रांपैकी लंडनच्या टेट संग्रहालयातील प्रसिद्ध चित्र मात्र जेमतेम 61 बाय 50 सेंटिमीटरचे, म्हणजे साधारण दोन फूट उंचीचे आहे. ती चौकट आखून समोर उभे राहिल्यावर लक्षात येते की तो चेहरा आपल्या चेहऱ्याच्या अगदी समोर, बोलता येईल इतक्या अंतरावर येतो. पुस्तकात ही दोन चित्रे समोरासमोरच्या पानांवर पाहणाऱ्याला हा फरक कळण्याचे काही साधनच नसते.

याच सुमारास अरुण कोलटकर यांची ‘भिजकी वही’ हाताशी होती, हा योग मला फार मोठा वाटतो. 2003 साली प्रसिद्ध झालेला आणि 2005 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला हा जाडजूड संग्रह देशोदेशींच्या आणि काळाकाळाच्या दुःखी स्त्रियांच्या अश्रूंनी भिजलेला आहे. त्यात तमिळ महाकाव्यातील कन्नगी आहे, प्राचीन अलेक्झांड्रियाची विदुषी हिपेशिया आहे, सूफी संत राबिया आहे, व्हिएतनाम युद्धातील छायाचित्रामुळे जगाला माहीत झालेली किम आहे आणि डोराही आहे. ही डोरा म्हणजे डोरा मार, जिचा चेहरा पिकासोच्या त्या रडणाऱ्या स्त्रीत उतरला. पण ती स्वतः उत्तम छायाचित्रकार होती आणि ‘गेर्निका’ रंगवले जात असताना त्याच्या एकेक टप्प्याची छायाचित्रे तिनेच घेतली होती. खडूच्या लहान चौकटीसमोर उभे राहून ही कविता मी पुन्हा मोठ्याने वाचली, तेव्हा चित्रात पाहिली जाणारी स्त्री आणि कॅमेऱ्यातून पाहणारी स्त्री या दोघी एकच आहेत, ही जाणीव ओळीओळीत जागी राहिली. पूर्वी मी ‘भिजकी वही’ सलग वाचण्याचा प्रयत्न करीत असे आणि दुःखाच्या एवढ्या मोठ्या साठ्याखाली थकून जात असे. आता एका बैठकीला एकच स्त्री, आणि तिचे चित्र किंवा छायाचित्र उपलब्ध असेल तर ते समोर, असा क्रम ठेवला आहे. कोलटकर स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेले आणि जाहिरातीच्या क्षेत्रात दृश्यरचनेचे काम केलेले कवी होते. म्हणून त्यांची कविता पाहत पाहत वाचावी, असे मला मनापासून वाटते.

हीच रीत इंदिरा संत यांच्या कवितेला लावून पाहिली. इंदिराबाई आमच्या बेळगावच्या. त्यांचे घर, त्यांची बाग यांविषयी इथल्या जुन्या मंडळींकडून आजही ऐकायला मिळते. ‘गर्भरेशीम’ हा 1982 सालचा संग्रह मी शाळकरी वयापासून ओळखते, पण तोवर त्यांच्या कवितेतील भावनेकडेच माझे लक्ष होते. यावेळी फक्त वस्तूंवर लक्ष ठेवले, म्हणजे कोणती वस्तू कवितेत येते, कोठे ठेवली जाते आणि तिच्याभोवती किती मोकळे राखले जाते एवढेच पाहिले. तसे वाचल्यावर त्यांचा संयम किती काटेकोर आहे हे जाणवले. समकालीन कवितेत अनेकदा सगळे सांगून टाकण्याची घाई दिसते. इंदिराबाईंकडून ती घाई टाळायला शिकता येईल, असे माझे मत आहे, आणि नव्या कवींनी त्यांच्याकडे पुन्हा वळावे असे मी आग्रहाने म्हणेन.

कथात्म वाचनात चित्रांची ही पद्धत फारशी चालली नाही. तिथे डोळ्यापेक्षा कान उपयोगी पडला. कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ ही 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली कादंबरी मी जवळजवळ पूर्ण मोठ्याने वाचली. धरणामुळे उठलेले गाव, मागे राहून रानटी झालेली म्हैस आणि तिच्या मागावर निघालेला माणूस, एवढ्या मोजक्या ऐवजावर ती उभी आहे. तिची भाषा पन्हाळ्याकडची, म्हणजे आमच्या बोलीपासून फार दूरची नव्हे, तरी डोळ्यांनी वाचताना काही वाक्ये अडत होती. ओठांवर आली की ती सहज सुटत होती. सासूबाई शेजारी निवडणटिपण करीत ऐकत बसत. त्यांचे माहेर हुक्केरी तालुक्यातील, आणि घटप्रभेवरील हिडकल धरणाच्या पाण्यात गेलेली गावे त्यांच्या नात्यागोत्यातील. उन्हाळ्यात पाणी उतरले की हुन्नूरचे विठ्ठल मंदिर उघडे पडते आणि लोक दर्शनाला जातात, हे त्यांनी वाचन थांबवून सांगितले. मग उठलेल्या माणसांची घरे मोजली गेली पण गुरांच्या वाटा कोणी मोजल्या, असेही विचारले. ‘रिंगाण’विषयी मी जी परीक्षणे वाचली, त्यांतील कोणत्याही वाक्यापेक्षा हा प्रश्न कादंबरीच्या गाभ्याजवळ जाणारा आहे. त्यानंतरची पाने मी त्या प्रश्नासह वाचली आणि म्हशीचे वागणे वर्णन करणारे भाग मला सर्वांत महत्त्वाचे वाटू लागले.

मोठ्याने वाचण्याचा हा गुण प्रकाश नारायण संत यांच्या लंपन नावाच्या मुलाच्या कथांनी आम्हाला आधीच शिकवला होता. 1994 च्या ‘वनवास’पासून 2004 च्या ‘झुंबर’पर्यंतच्या चार पुस्तकांतील बोलण्याला कानडी वळणाचा जो हेल आहे, तो इथल्या घरांत अजून ऐकू येतो, आणि त्यामुळे सीमाभागातील वाचकाला ती पुस्तके वाचताना आवाज वेगळा कल्पावा लागत नाही. यावेळी ‘पंखा’मधील एक कथा पुन्हा वाचली, एवढीच नोंद पुरे.

किरण गुरव यांचे ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ अर्ध्यावर आहे आणि त्याविषयी आताच मत देणे योग्य होणार नाही. जयंत कायकिणी यांच्या मुंबईच्या कथा मूळ कन्नडमधून वाचण्याचा प्रयत्न मात्र संथपणे चालू आहे. शाळेत शिकलेली लिपी हाताशी आहे, बाजारातील कन्नड कानात आहे, परंतु कथेतील कन्नड या दोहोंपेक्षा निराळे असल्यामुळे एक पान वाचायला संध्याकाळ जाते. तरीही मराठी चाळींचे जग कन्नड वाक्यांत चालताना पाहण्याचा आनंद इतका आहे की अनुवाद जवळ असूनही मी तो मुद्दाम उघडत नाही.

चित्रांच्या बाजूला रवी परांजपे यांचे ‘ब्रश मायलेज’ हे आत्मकथन वाचायला घेतले आहे. बेळगावात 1935 साली जन्मलेले आणि येथेच चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्याकडे शिकलेले परांजपे पुढे मुंबईला आणि तेथून नैरोबीपर्यंत गेले. गुरूविषयीचा त्यांचा आदर मला फार भावतो. बरवे यांची वृत्ती आणि परांजपे यांची वृत्ती अगदी वेगळ्या टोकांच्या आहेत. एक वस्तूंना कोड्यात ठेवतो, दुसरा दृश्याच्या सौंदर्यावर निःशंक श्रद्धा ठेवतो. दोघे लागोपाठ वाचल्यामुळे मला स्वतःचा कल स्पष्ट झाला, आणि तो बरवे यांच्याकडे आहे. परांजपे यांच्या गुरुपरंपरेविषयी अधिक माहितीसाठी सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला शिल्पकार चरित्रकोशाचा 2013 चा दृश्यकला खंड पाहावा. तो वजनदार असल्यामुळे वाचनालयात बसूनच पाहणे सोयीचे पडते. आमच्या शहरात 1848 पासूनचे सार्वजनिक वाचनालय आहे, ही त्या दृष्टीने मोठी सोय आहे.

हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, सांबरा, उचगाव येथील साहित्य संमेलने सुरू होतील आणि मंडपाबाहेर पुस्तकांची दालने लागतील. तेथे मी मुख्यतः कवितासंग्रह शोधणार आहे, कारण शहरातील दुकानांत ते क्वचितच दिसतात. अनुराधा पाटील यांचे ‘कदाचित अजूनही’ यादीत सर्वांत वर आहे. तोपर्यंत ‘भिजकी वही’त किमपर्यंत पोहोचायचे आहे. ते छायाचित्र समोर ठेवून कविता वाचावी की कविता आधी आणि छायाचित्र नंतर, हे अजून ठरत नाही. ज्यांनी दोन्ही प्रकारे वाचले असेल त्यांनी आपला अनुभव अवश्य कळवावा.