तुम्ही विचारलंत म्हणून: "असे लोक येतात तरी किती?"

"कितला शेतस असा लोके?" जळगावात दुकानात, धुळ्यात पंगतीत, काम देणाऱ्याच्या केबिनमध्ये, प्रश्न हाच. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशी माणसं ॲप वापरतात तरी किती, मग त्यांना ते वापरता यावं म्हणून एवढा खटाटोप कशाला? आकडा माझ्याकडे नाही. जो फॉर्म भरूच देत नाही, त्याच्या नोंदींत ते दिसणार कसे?

पूर्वी मी उन्हाचं उत्तर द्यायचो. मे महिन्यात रावेरला बांधावर उभं राहून मोबाइलवर केळीचा भाव वाचून दाखवा, म्हणायचो. पांढऱ्यावर ९९९९९९ या कोडचा राखाडी रंग टाकला की कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांतला उजेडाचा फरक, २.८५ भरतो, साध्या मजकुराला ४.५ लागतो. ७७७७७७ हा ४.४८ वर नापास, ७६७६७६ हा ४.५४ वर पास. डोळ्याला फरक कळत नाही, म्हणून मोजायचं. हे लगेच पटतं, कारण ऊन सगळ्यांनाच लागतं.

पण नोंदणीचा फॉर्म घ्या. डोळे मिटा, टॉकबॅक चालू करा, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर. पहिल्या रकान्याला लेबलच नाही. 'मोबाइल क्रमांक' हे फिकट अक्षरांत आत लिहिलेलं, टाइप करायला लागलं की गायब. पुढे केळीच्या लागवडीचा हंगाम, मृगबाग की कांदेबाग: दोन रंगीत चौकोन. निवडलेला हिरवा होतो. टॉकबॅक दोन्ही नावं नुसती वाचतो. हे बटण आहे, निवडलंय, यातलं काही सांगत नाही, कारण खरे रेडिओ बटण (अनेकांतला एकच पर्याय निवडू देणारं) न वापरता साधे डबे रंगवलेत. मग 'सबमिट'. शांतता. पुन्हा दाबा, पुन्हा शांतता. वर लाल अक्षरांत 'माहिती चुकीची' आलेलं असतं, पण फोकस, म्हणजे टॉकबॅक जिथे उभा आहे ती जागा, बटणावरच. आणि चूक कोणती? नंबर मराठी कीबोर्डवरून ९८ असा देवनागरीत आला, तपासणी फक्त इंग्रजी आकडे ओळखते. जावास्क्रिप्ट या कोडच्या भाषेत अंक ओळखणारी जी खूण आहे, तिला आपले अंक अंक वाटतच नाहीत.

दुरुस्ती अवघड नाही. लेबल रकान्याच्या वर कायम. खरे रेडिओ बटण. देवनागरी अंक कोडमध्येच इंग्रजीत बदलून घ्यायचे, माणसाला दटावायचं नाही. चुकलेल्या रकान्याला अरिया-इनव्हॅलिड (अरिया म्हणजे स्क्रीन रीडरसाठी कोडमध्ये लिहायच्या खुणा, ही 'इथे चूक आहे' सांगणारी), खाली 'दहा अंक हवेत, नऊच आहेत' असं वाक्य रकान्याशी जोडलेलं, आणि फोकस थेट तिथे. पानाची भाषा मराठी लिहायची, नाहीतर इंग्रजी आवाज मराठी वाचायला बसतो.

आता सांगा, यातल्या अरियाचा उन्हात काय उपयोग? काहीच नाही. म्हणजे माझं जुनं उत्तर पळवाटच होती: डोळसांचा फायदा पुढे करून बाकीच्यांचं काम मंजूर करून घेणं. फायदा दिसला नाही की तेवढं काम कापलं जातं. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा काढला, डिजिटल सेवा मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ चाच, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भाग, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये म्हटलंय हे सांगितलं, की लोक गप्प होतात. पटलेलं नसतं. आणि 'यात जादा खर्च नाही' हे मी म्हणायचो तेही खोटंच. प्रत्येक फॉर्म कानाने तपासायला वेळ जातोच.

कोटेशनमध्ये 'स्क्रीन रीडर चाचणी' ही ओळ वेगळी लिहिली की पहिली काट तिच्यावर बसते. म्हणून हल्ली वेगळी लिहीत नाही, फॉर्मच्या दरातच धरतो. ही हुशारी की लबाडी, माझं अजून ठरलेलं नाही.