आजींनी चौकटी उभ्या वाचल्या

गुरुवार, ८ जानेवारी

आमच्या कॉमिकला आज पहिली खरी वाचक मिळाली आणि तिनं पाच मिनिटांत दहा दिवसांची मेहनत मोडीत काढली.

आमच्या मेडिकल कॉलेजातून ग्रामीण केंद्रात पोस्टिंगला आलेल्या चार इंटर्न्सनी टीबीच्या नव्या पेशंटसाठी एक पानी कॉमिक केलंय. वर तीन चौकटी, खाली तीन. वरच्या रांगेत माणूस खोकतो, बेडका तपासून टीबी निघतो, गोळ्या सुरू होतात. खालच्या रांगेत लघवी लाल-केशरी दिसते आणि गडी हबकतो. आशाताई सांगते, हा गोळीचा रंग आहे, रक्त नाही. सहा महिन्यांनी माणूस ठणठणीत, हातात खोरं घेऊन शेतात उभा, मागे सूर्य उगवतोय. (सूर्य कशाला, असं मी विचारलं होतं. "होप, मॅम." म्हटलं, असू दे.)

लघवीची चौकट मीच घालायला लावली होती. टीबीच्या गोळीतल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे लघवी, घाम, अगदी डोळ्यांतलं पाणीसुद्धा केशरी होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण आधी कळलं नसेल तर माणूस पहिल्याच दिवशी धसका घेतो आणि गोळ्या फळीवर जाऊन पडतात. आम्ही सांगत नाही असं नाही. सांगतो, पण एका दमात. रोज घ्या, चुकवू नका, पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, तोंडाला रुमाल लावा, अंडी-शेंगदाणे खा, पोषणाच्या पैशांसाठी पासबुकाची झेरॉक्स आणा आणि हो, लघवी लाल होईल. पासबुक आणि पुढची तारीख यांच्या मधे ती लाल लघवी वाहून जाते.

तर आज बाकावर एक आजी होत्या. साठीच्या पुढच्या, चौथी शिकलेल्या, गोळ्या आजपासूनच सुरू व्हायच्या होत्या. म्हटलं, "आजी, एवढं वाचा आणि काय कळलं ते आम्हाला सांगा." त्यांनी पदरानं चष्मा पुसला, कागद लांब धरला आणि बोट लावून वाचायला लागल्या. बोट पहिल्या चौकटीवरून थेट खाली उतरलं. मग वरच्या दुसरीवर गेलं, पुन्हा तिच्या खाली. माझ्या पोटात गोळा आला. पण मधे बोलायचं नाही असं आमचं ठरलेलं होतं.

"मानसाला खोकला झाला," आजी म्हणाल्या. "मग लघवीतनं रगत पडाया लागलं. मग डाक्टरनी तपासलं. आशाबाई म्हनली, भिऊ नगा. मग गोळ्या दिल्या, झाला बरा." जरा थांबल्या आणि समाधानानं म्हणाल्या, "मला काय लघवीतनं रगत जात न्हाई. म्हंजी माझा टीबी हलका हाय न्हवं?"

आजींचं काहीही चुकलं नव्हतं. उभ्या वाचल्या तर सहा चौकटींची अगदी अशीच गोष्ट होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळणारी. फक्त औषधाचा रंग आजाराचं लक्षण होऊन बसतो. त्यात झेरॉक्स काळी-पांढरी, त्यामुळे केशरीचा झाला होता गडद डाग. त्याला रक्त नाही म्हणायचं तर काय?

वर त्यांनी नायकाकडे बोट दाखवलं. आमच्या चित्रकारानं त्याला मनापासून टीबीचा पेशंट केला होता: गालफडं बसलेली, दाढीचे खुंट, डोळे खोल. "ह्यो पितो जनू. आमच्यात न्हाई कुनी पीत."

मग कागद बाजूला ठेवून मी तोंडी सांगितलं, दोनदा. त्यांच्याकडून परत म्हणून घेतलं. वजन ४१ किलो, म्हणजे रोज तीन गोळ्या. तेही म्हणून घेतलं.

परतताना जीपमध्ये चिडीचूप. शेवटी एक जण म्हणाला, "मॅम, त्यांना कॉमिक वाचताच येत नाही." का यावं? मी आठ-नऊ वर्षांची असताना भूगोलाच्या पुस्तकात लपवून चाचा चौधरी वाचायची. डावीकडून उजवीकडे, मग खालची रांग, ढगासारखा फुगा म्हणजे मनातलं, शेपटीवाला म्हणजे बोललेलं. हे मला कुणी शिकवलं नाही, पण मी शिकले तर होतेच. आजींनी आयुष्यभर किराण्याची यादी वाचली, ती वरून खाली. चित्र सगळ्यांना कळतं असं आम्ही धरून चाललो होतो. चित्र कळलंच त्यांना. क्रम आमचा होता.

झोप येत नाही म्हणून कपाटातून स्कॉट मॅक्लाउडचं १९९३चं ते पुस्तक काढलं, कॉमिक म्हणजे काय हे कॉमिकमधूनच समजावणारं. त्यात दोन चौकटींमधल्या मोकळ्या पट्टीवर एक अख्खं प्रकरण आहे. चित्रकार त्या जागेत काहीच काढत नाही, तिथलं सगळं वाचक स्वतःच्या पदरचं घालतो. या पट्टीला मराठीत काय म्हणावं हे मला बरेच दिवस सुचत नव्हतं. आज जीपच्या खिडकीतून बघताना सुचलं: बांध. दोन वावरांच्या मधली, कुणीच न पेरलेली जागा. (आणि सगळ्या भानगडी तिथेच होतात, हेही आलंच.)

केसपेपरवर आम्ही लिहितो, "ताप, ३ महिने." पुढची ओळ, "आज दाखल." मधल्या बांधावर काय काय झालं असेल? देवऋषी, मेडिकलवाल्यानं दिलेल्या गोळ्या, शेळी विकली, सून माहेरी गेली. आम्हाला ते विचारायला वेळ नसतो.

शुक्रवार, ९ जानेवारी

झेरॉक्सवाला रंगीत प्रतीचे दहा रुपये मागतो. शंभर प्रती म्हणजे हजार रुपये, आणि ते कुठल्या हेडमधून दाखवायचे?

विभागातल्या एका ज्येष्ठांनी चहाच्या वेळी विचारलं, "काय, चित्रकलेचा तास कसा चाललाय?" मी हसले. काय बोलायला हवं होतं ते नेहमीप्रमाणे आत्ता सुचतंय, रात्री भांडी घासताना.

हे खूळ माझं एकटीचं नाही, एवढं तरी सांगायला हवं होतं. इयन विल्यम्स नावाचा वेल्समधला डॉक्टर. आजार आणि उपचार कॉमिकमधून मांडायच्या या प्रकाराला त्यानं २००७मध्ये 'ग्राफिक मेडिसिन' हे नाव दिलं. स्वतः कॉमिक काढायचा, पण सुरुवातीला टोपणनावानं, थॉम फेरिअर म्हणून. दवाखाना चालवणाऱ्या माणसानं टोपणनाव का घेतलं असेल हे मला कुणी समजावून सांगायला नको. शिकागोच्या एका रुग्णालयात एड्सच्या वॉर्डात, युनिट ३७१मध्ये, नर्स असलेल्या एम. के. सरविक यांनी तिथली माणसं आणि तिथले मृत्यू चित्रांतून मांडले, २०१७मध्ये त्याचं पुस्तक झालं. अमेरिकेत पेन स्टेटच्या मेडिकल कॉलेजात मायकेल ग्रीन हे फिजिशियन २००९पासून शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना कॉमिक वाचायला आणि काढायला लावू लागले. आणि 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन', ज्यात आपला एखादा पेपर यावा म्हणून लोक देव पाण्यात घालून बसतात, ते २०१३पासून कॉमिक छापतंय.

एवढं लांब जायचीही गरज नाही. आमच्या पोरांनी उचललेली रीत शरद शर्मांच्या वर्ल्ड कॉमिक्स इंडिया या संस्थेची आहे: ए-फोरचे दोन कागद चिकटवायचे, चार चौकटी, काळी शाई, झेरॉक्स काढायची आणि गावात भिंतीवर लावायची. काढणारा चित्रकार असावा लागत नाही, गोष्ट त्याची असावी लागते. माझ्या भाचीला पाळीबद्दल जे सांगताना तिच्या आईची त्रेधा उडाली, ते तिनं मेन्स्ट्रुपीडियाच्या कॉमिकमधून एका दुपारी वाचून काढलं आणि वर आईलाच दोन गोष्टी सांगितल्या.

आता चार चौकटी. सहा नाहीच. आणि सगळ्या एकाखाली एक.

मंगळवार, १३ जानेवारी. भोगी

सकाळी डब्यात बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि भोगीची भाजी, त्यामुळे दुपारी बॅचचे डोळे मिटायला लागलेले. तास अ‍ॅटकॉमचा. २०१९च्या नव्या अभ्यासक्रमापासून वृत्ती, नीती आणि संवाद हे एमबीबीएसला रीतसर शिकवायचं असतं. बहुतेकदा त्याच्या स्लाइड होतात. संवादाच्या तासाला मी बोलते, साठ जण ऐकतात, असा तो संवाद.

मागच्या आठवड्यात मी बारा जणांच्या गटाला गृहपाठ दिला होता. वॉर्डात घडलेला स्वतःचा एक प्रसंग, एक पान, चित्र कसंही चालेल, पेशंटचं नाव नको आणि ओळख पटेल असं काही नको. आज पानं आली.

एकीनं रक्त काढतानाचा प्रसंग काढला होता. पेशंटचा हात अख्ख्या पानभर, नकाशासारखा, त्यावर घाटातले रस्ते असाव्यात तशा शिरा आणि एका कोपऱ्यात टीचभर मुलगी, हातात सुईऐवजी कुदळ. तीनदा खणते, पाणी लागत नाही. शेवटच्या चौकटीत हातच बोलतो, "दमलीस का गं?" मी हे पान दोनदा पाहिलं. या मुलीशी मी वर्षभरात चार वाक्यं बोलले असेन.

एकाच्या पानावर वॉर्डातला राउंड होता. रेसिडेंट गिधाडासारखा, मान लांब, चोचीत केसपेपर. ग्रीन यांच्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळतं. डॅनियल जॉर्जबरोबर २०१५मध्ये 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात लिहिलेल्या लेखात ते म्हणतात की विद्यार्थ्यांच्या कॉमिकमध्ये भयपटातली चित्रं वारंवार येतात: सीनिअर राक्षस, आपण स्वतः झोपेविना फिरणारे झॉम्बी, रुग्णालय म्हणजे अंधारकोठडी. वाचताना वाटलं होतं, अमेरिकेत असेल बुवा.

मग सातवं पान. ओपीडी. टेबलामागे एक बाई, पाठमोरी, तोंड कॉम्प्युटरकडे. केसांना क्लचर, खुर्चीच्या पाठीला अडकवलेली कापडी पिशवी, त्यातून डोकावणारी निळ्या झाकणाची पाण्याची बाटली. बाई बोलते आहे. पहिल्या चौकटीत फुगा छोटा आहे, दुसरीत मोठा, तिसरीत त्यानं पेशंटचा खांदा झाकलाय, चौथीत चेहरा. पाचव्या चौकटीत नुसता फुगा, मजकुरानं गच्च भरलेला, त्याखालून दोन चपला तेवढ्या दिसतात. फुग्यातलं मी वाचलं. रोज घ्या, चुकवू नका, रुमाल लावा, पासबुक आणा.

"या मॅडम कोण?" मी विचारलं.

"काल्पनिक आहेत, मॅम."

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. माझी बाटली टेबलावरच होती, निळ्या झाकणाची. मी ती पिशवीत ठेवली, त्यावर तर सगळेच हसले. मग मीही.

मार्क कसे द्यायचे हा घोळ आहेच. रुब्रिक लागतं, म्हणजे कशाला किती मार्क याचा तक्ता. "पेशंटच्या नजरेतून पाहिले आहे: होय / अंशतः / नाही." या रकान्यात मला तरी किती पडतील, देव जाणे. त्या मुलाला चांगले मार्क दिले तर वाटेल मी मोठेपणा दाखवतेय, कमी दिले तर सूड. शेवटी त्याचं पान मी सहकारी मॅडमकडे तपासायला दिलं. त्यांनी ते पाहून विचारलं, "अगं, ही तू ना?"

गुरुवार, १५ जानेवारी

कालची संक्रांत अजून सगळ्यांच्या खिशात होती. आजींनी आल्याआल्या पदराच्या गाठीतून तिळगूळ काढून दिला. त्यांच्या गोळ्यांना आज आठवडा झाला. एकही चुकलेली नाही, पाकीट दाखवायला आणलं होतं.

नवं पान उभं आहे, चार चौकटी, एकाखाली एक. नायकाची दाढी गेली, गालफडं भरली. आता ती एक बाई आहे आणि तिला चेहरा म्हणावा असा नाहीच: गोल, दोन ठिपके, एक रेघ, कपाळावर टिकली. इतक्या साध्या चेहऱ्यात कुणालाही शिरता येतं, हेही मॅक्लाउडच सांगतो. आम्हाला ते आजींच्या "ह्यो पितो जनू"नंतर पटलं. सूर्यही गेला. चित्रकार जरा नाराज आहे. प्रती काळ्या-पांढऱ्याच, पण लघवीची चौकट पोरांनी स्केचपेननं हातानं रंगवली. शंभर प्रती, चार जण, हॉस्टेलच्या मेसच्या टेबलावर.

आजींचं बोट सरळ खाली गेलं. या वेळी तेच हवं होतं. चारही चौकटी बरोबर सांगितल्या. मग दुसऱ्या चौकटीपाशी परत आल्या, नखानं त्या केशरीवर टकटक केलं आणि मान हलवली.

"रंग असा न्हाई."

"मग कसा, आजी?"

"ह्यो संत्र्याच्या गोळीचा झाला. करडीच्या फुलागत असतोय."

या बाबतीत आमच्या पाचांपैकी कुणालाच आजींइतका अनुभव नव्हता, त्यामुळे वाद घालायचा प्रश्नच नव्हता. प्रश्न एवढाच की चित्रकार दादरचा. करडई म्हणजे तेलाच्या डब्यावरचं नाव, याच्या पलीकडे त्याची मजल नाही.

परतताना ड्रायव्हरमामांनी जीप कडेला घेतली. जोंधळ्याच्या वावराला चहूबाजूंनी करडईचा पट्टा होता. काट्यांमुळे जनावरं आत शिरत नाहीत म्हणून कडेनं पेरतात. पोरगा बांधावर उतरला, पहिलंच फूल धरायला गेला आणि ओरडला. काटा. फूलही पिवळंधमक निघालं.

"ताजं न्हवं," मामा जीपमधूनच म्हणाले. "सुकत आलेलं बघा, ते लाल होतं."

तो वाकून सुकत आलेलं फूल शोधत राहिला. मग त्यानं खिशातून स्केचपेनचं पाकीट काढलं, दोन पेनांची टोपणं दातांत धरली आणि डाव्या तळहातावर दोन रेघा ओढून, हात फुलाशेजारी धरून, कितीतरी वेळ नुसता बघत उभा होता.