तुम्ही विचारलंत म्हणून : मॉर्फिनला गांजाची जोड

“गांजाच्या तेलाने मॉर्फिन निम्म्यावर येते म्हणतात, मग तुम्ही ते लिहून का देत नाही?” हा प्रश्न मला निपाणीच्या बाजारात, खानापूरच्या लग्नाच्या पंगतीत आणि बेळगावातल्या आमच्या वेदनाशमन विभागात इतक्यांदा विचारला गेला आहे की एकदाचे सविस्तर लिहून टाकावे असे वाटले. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा असते की मी कायद्याला घाबरते. मॉर्फिन, म्हणजे अफूपासूनचे तीव्र वेदनाशामक, हेही त्याच १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, आणि त्याच्या गोळ्या मोजून कपाटाला कुलूप लावणे हे माझे रोजचे काम आहे. शिवाय नुसत्या पानांपासून केलेली विजयेची (आयुर्वेदात गांजाच्या झाडाला विजया म्हणतात) तेले त्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत; आयुर्वेदिक परवान्यावर ती उघड विकली जातात. तेव्हा भीतीचा मुद्दा इथेच सोडू.

कल्पना खुळचट आहे असे मी कधीही म्हटलेले नाही. मॉर्फिन आणि गांजातले नशा आणणारे द्रव्य टीएचसी, दोन्ही पाठीच्या कण्यातून मेंदूकडे जाणारा वेदनेचा निरोप वेगवेगळ्या कड्या धरून दाबतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांचा एक आढावा २०१७ साली आला. त्यातल्या १९ पैकी १७ अभ्यासांत दोघांचा एकत्रित परिणाम नुसत्या बेरजेपेक्षा जास्त दिसला, आणि टीएचसीची जोड असताना तेवढ्याच आरामाला सुमारे ३.६ पट कमी मॉर्फिन पुरले. त्याआधी २०११ साली मॉर्फिन किंवा त्याच्याच जातीचे ऑक्सिकोडोन घेणाऱ्या २१ रुग्णांना गांजाची वाफ दिली, तेव्हा वेदना सरासरी २७ टक्क्यांनी उतरली. हे सगळे मी २०१७ मध्ये एका वाचनालयातल्या व्याख्यानात मोठ्या उत्साहाने सांगितले होते. त्या २१ जणांच्या प्रयोगात तुलनेसाठी नुसती वाफ घेणारा गट नव्हता, हे मात्र मी सांगितले नाही. मला ते ठाऊक होते. टाळ्या पडत असताना ते आठवले नाही, एवढेच.

त्या व्याख्यानाला निपाणीकडच्या एका गावातला मुलगा बसला होता. त्याचे वडील, आम्ही त्यांना मामा म्हणत असू, तंबाखूच्या वखारीत आयुष्यभर राबलेले आणि गालाच्या कॅन्सरने जेरीस आलेले. दर चार तासांनी १० मिलिग्रॅम मॉर्फिन चालू होते. शून्य ते दहा हा आमचा आकडा त्यांना कधी पटला नाही. दुखणे ते रुपयात मोजत. “आज बारा आणे दुखालंय बगा म्याडम,” असे ते तोंडाची उघडीप जेमतेम असतानाही सांगत, आणि मी वहीत तसेच आणे लिहीत असे. (सोळा आण्यांचे माप दहाच्या मापापेक्षा वाईट आहे असे मला आजवर आढळलेले नाही.)

एका सोमवारी मुलगा पुण्याहून रजा टाकून आला आणि त्याने तेलाची बाटली माझ्यापुढे ठेवली. “हे दिलं तर चालंल न्हवं?” मी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. “बघू या,” म्हणाले आणि हसले. गुरुवारी घरी गेले तेव्हा मामा उशीला टेकून बसले होते. “सहा आणे.” मी वहीत सहा आणे लिहिले, आणि गाडीत बसल्याबरोबर सहकाऱ्याला फोन करून सांगितलेसुद्धा.

शनिवारी रात्री मामांच्या घरून मावशींचा फोन आला. मामांना दरदरून घाम फुटला होता, जांभया थांबत नव्हत्या, जुलाब लागले होते, आणि दुखणे पुरे सोळा आणे. मुलाने मॉर्फिन एकदम निम्मे केले होते, गुरुवारी मी परतल्यावर; त्याचेच हे परिणाम. कारण मीच व्याख्यानात म्हटले होते की ते कमी पुरते. रविवारच्या कामासाठी तो शनिवारी संध्याकाळीच पुण्याची गाडी धरून गेला होता. मी पोहोचले तेव्हा मावशी अंगणात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, फक्त कंदिलासारखा मोबाइल वर धरून वाट दाखवली. डोस पूर्ववत करून मामा शांत व्हायला पहाट झाली. ती रात्र माझ्या नावावर आहे.

नंतर वही उलटली तेव्हा दिसले की त्याच सोमवारी मी पोट साफ होण्याचे औषधही दुप्पट केले होते. आठवडाभर तटलेले पोट मोकळे झाले, दोन वर्षांनी मुलगा उशाशी बसला, आणि तेलही सुरू झाले.

म्हणून चाचणी हवी असते. एका गटाला तेल, दुसऱ्याला तसेच दिसणारे बिनऔषधी तेल, कोणाला काय ते कोणालाच ठाऊक नाही. त्यातही टीएचसीने डोके जड झाले की रुग्ण ओळखतोच, हा या विषयातला जुना पेच. कॅन्सरच्या रुग्णांत अशा चाचण्या झाल्या आहेत. १७७ जणांच्या २०१० च्या चाचणीत टीएचसी आणि सीबीडी (गांजातलेच, पण नशा न आणणारे द्रव्य) यांच्या तोंडात मारायच्या फवाऱ्याचा गुण दिसला. ३६० जणांच्या २०१२ च्या चाचणीत कमी मात्रेत काही दिसला, पण ठरवलेली मुख्य कसोटी हुकली. २०१७-१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन मोठ्या चाचण्यांतही ती हुकली. उष्णतेचा चटका लागल्यावर उंदराची शेपटी किती लवकर हलते हे मोजणे एक, आणि महिनोन्महिने मुरलेले दुखणे दुसरे.

माझ्यातली २०१७ ची बाई यावर म्हणते की मात्रा चुकली असेल, रुग्ण चुकीचे निवडले असतील, खालावलेल्या माणसांत काहीच दिसणे कठीण. तिचे म्हणणे मला पूर्ण खोडता येत नाही. उद्या इथे नीट आखलेली चाचणी सुरू झाली तर मी माझे रुग्ण पाठवीन. तोवर तेल आणणाऱ्याला रागावत नाही, ते लपवू नका असे सांगते, आणि मॉर्फिनची एकही गोळी मला विचारल्याशिवाय कमी करायची नाही हे दोनदा वदवून घेते.

मामांच्या मुलाने परवा फोनवर विचारले, “ते सहा आणे तेलानं आलं होतं का?” मी सांगितले, मला माहीत नाही.